थेट पेरलेला संकरित भात: बियाणे किती टाकायचे, रोपे किती ठेवायची?

मृग जवळ आला की भातउत्पादकांचा एक प्रश्न हमखास येतो. लावणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, म्हणून यंदा रोपवाटिका न टाकता भात थेट पेरायचे ठरवले आहे. वाण संकरित आहे. एकरी किती किलो बियाणे टाकावे? पिशवीवर लावणीसाठीचे प्रमाण असते, ते बहुधा एकरी सहा किलोच्या आसपास. शेजारी साधे वाण फेकून पेरतो आणि एकरी तीस-पस्तीस किलो टाकतो. या दोन आकड्यांमध्ये शेतकरी अडकतो. कुणी सहा किलो फेकतो आणि श्रावणात बांधीत ठिकठिकाणी टक्कल दिसते. कुणी धास्तीने पंधरा-अठरा किलो टाकतो. शेत हिरवेगार दिसते, पण आश्विनात ते लोळते. चूक दोघांचीही एकच असते. त्यांनी किलो मोजले, उगवलेली रोपे मोजली नाहीत.

आधी थेट उत्तर

तुमचे शेत सपाट आहे, पेरणी यंत्राने ओळीत होणार आहे आणि बियाण्याची उगवण चांगली आहे, असे धरून चला. मग संकरित भाताला हेक्टरी २० ते २५ किलो, म्हणजे एकरी ८ ते १० किलो बियाणे पुरते. फेकून पेरणार असाल तर हेक्टरी ३० किलोपर्यंत जा, त्यापुढे नको. यातून दर चौरस मीटरला ५० ते ८० जोमदार रोपे उभी राहिली पाहिजेत. फुटात सांगायचे तर एका चौरस फुटात ५ ते ७ रोपे. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात संकरित भात सर्रास यंत्राने थेट पेरतात. तिथल्या विद्यापीठाची शिफारस चौरस फुटाला ६ ते १० रोपांची आहे, आणि साध्या वाणांसाठी ती १० ते २० आहे. संकरित भात निम्म्या दाटीवर का चालतो हे समजले, तर पुढचे निर्णय तुम्हाला स्वतःच घेता येतील.

दाटीमुळे उत्पादन कसे बदलते

भाताचे उत्पादन तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: चौरस मीटरमधल्या लोंब्या, एका लोंबीतले भरलेले दाणे आणि दाण्याचे वजन. दाण्याचे वजन वाणाचे असते, दाटीने ते फारसे हलत नाही. म्हणून लोंब्या आणि लोंबीतले दाणे एवढ्या दोनच गोष्टी तुमच्या हातात राहतात आणि त्या एकमेकींशी ओढाताण करतात.

समजा, एका चौरस मीटरमध्ये ६० रोपे आहेत आणि प्रत्येकाला ५ लोंब्या आल्या. म्हणजे ३०० लोंब्या झाल्या. प्रत्येक लोंबीत ११० भरलेले दाणे आणि हजार दाण्यांचे वजन २२ ग्रॅम धरले, तर चौरस मीटरला ७२६ ग्रॅम, म्हणजे हिशोबाने हेक्टरी सुमारे ७२ क्विंटल धान येते. आता त्याच जागेत १५० रोपे दाटली. प्रत्येकाला दोनच लोंब्या धरल्या. लोंब्या पुन्हा ३००च, पण त्या आखूड असतात. लोंबीत ९० दाणे भरले तर उत्पादन ५९ क्विंटलवर येते. अडीचपट बियाणे टाकून १३ क्विंटल कमी. उलट टोकाला २० रोपे राहिली आणि प्रत्येकाने जीव तोडून १० लोंब्या दिल्या, तरी एकूण २००च झाल्या. लोंबीत १२५ दाणे भरले तरी हिशोब ५५ क्विंटलच्या पुढे जात नाही. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. कापणी-मळणीतली घट त्यात धरलेली नाही. पण शेतात घडते ते असेच.

संकरित वाणाची खरी ताकद फुटव्यांत आणि मोठ्या लोंबीत असते. बियाण्यासाठी तुम्ही जे जादा पैसे मोजता ते याच गुणासाठी. रोपाला ऐसपैस जागा मिळाली तर मुळाजवळच्या पेऱ्यांतून लवकर फुटवे निघतात आणि लवकर निघालेला फुटवाच भरदार लोंबी देतो. गर्दीत उशिरा निघालेले फुटवे सावलीत राहतात. त्यातले बरेच लोंबी न धरताच वाळून जातात, आणि तोवर त्यांनी खाल्लेला युरिया वाया गेलेला असतो. मुख्य म्हणजे मोठ्या लोंबीच्या खालच्या भागातले दाणे शेवटी भरतात. पाने एकमेकांवर पडून ऊन अडले की हेच दाणे पोचट राहतात. दाट पिकात लोंबी हातात धरून खालच्या फांद्या चिमटीने दाबून पाहा, दाणा दाणा पोकळ लागेल.

शिवाय दाटीत खोड बारीक आणि उंच होते, ते वाऱ्या-पावसात लोळते. बुंध्याशी हवा खेळत नाही, दमटपणा टिकतो. पर्णकोष करपा आणि तपकिरी तुडतुडे यांना हेच हवे असते. भंडारा-गोंदियाकडे तुडतुड्यांनी बांधीच्या मधोमध गोल जळाल्यासारखे पट्टे पडतात. ते बहुतेक वेळा सर्वांत दाट आणि सर्वांत जास्त युरिया पडलेल्या जागीच सुरू होतात.

याचा अर्थ असा नाही की एक-दोन रोपे इकडे-तिकडे झाली तर सगळे बिघडले. ५० ते ८० या टप्प्यात उत्पादनात मोठा फरक पडत नाही, कारण कमी रोपे असली की ती जास्त फुटवे देऊन जागा भरतात. फटका बसतो तो दोन्ही टोकांना. त्याहून मोठा फटका असमान उगवणीने बसतो. सरासरी ६० रोपे, पण एका कोपऱ्यात ११० आणि दुसऱ्यात १०, असे शेत ६० रोपांचे उत्पादन देत नाही. म्हणून बियाण्याचे प्रमाण एकदा ठरले की उरलेली सगळी मेहनत सारखेपणावर खर्च करा.

तुमच्या पिशवीचा हिशोब

सर्व संकरित वाणांचा दाणा एकाच वजनाचा नसतो. बारीक दाण्याच्या किलोत ५०,००० बिया बसतात, जाडसर दाण्याच्या ४०,०००. म्हणून दोन वेगळ्या वाणांना ‘एकरी आठ किलो’ हा एकच आकडा लावू नका. पेरणीच्या दहा-बारा दिवस आधी एवढे करा:

- पिशवीतून सरसकट एक हजार दाणे मोजून सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर त्यांचे वजन करा. समजा ते २२ ग्रॅम भरले.
- शंभर-शंभर दाण्यांच्या चार पुरचुंड्या ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठ दिवसांनी कोंब आणि मूळ दोन्ही नीट आलेले दाणे मोजा. कायद्याने लेबलवर भाताची उगवण किमान ८० टक्के लिहिलेली असते. तुमची त्याखाली आली तर पेरू नका, आधी विक्रेत्याला कळवा.
- शेतातली उगवण घरातल्यापेक्षा नेहमीच कमी येते. जमीन भुसभुशीत, सपाट आणि ओल नेमकी असेल तर ६५ ते ७० टक्के धरा. ढेकळे असतील, पाणी साचण्याची किंवा पाखरांची भीती असेल तर ५० टक्केच धरा.

मग हे साधे सूत्र वापरा:

हवी असलेली रोपे (दर चौरस मीटर) × हजार दाण्यांचे वजन (ग्रॅम) ÷ शेतातली अपेक्षित उगवण (टक्के) = हेक्टरी किलो

६० × २२ ÷ ६५ = २०.३ किलो हेक्टरी, म्हणजे एकरी सुमारे ८ किलो. उगवण ५० टक्के धरली तर हाच आकडा हेक्टरी २६ किलोच्या पुढे जातो. यातून एक गोष्ट लक्षात घ्या. वाफसा आणि सपाटीकरण सुधारून एकरी दोन-अडीच किलो बियाणे वाचते. किलोला ३०० रुपये धरले तर हे सहाशे-सातशे रुपये होतात आणि शेवटच्या कुळवणीवर, फळी मारण्यावर ते खर्च केलेले कधीही चांगले.

५० रोपे की ८०? कसे ठरवाल?

खालच्या टोकाकडे, म्हणजे ५० ते ६० रोपांकडे झुका, जर जमीन सुपीक व खोल असेल, पाण्याची खात्री असेल, वाण मध्यम किंवा उशिरा तयार होणारा असेल आणि पेरणी वेळेवर होत असेल.

वरच्या टोकाकडे, ७० ते ८० रोपांकडे जा, जर:

- वाण लवकर तयार होणारा असेल. त्याला फुटवे करायला दिवसच कमी मिळतात, तेव्हा मूळ रोपे जास्त हवीत.
- पाऊस लांबून पेरणी उशिरा होत असेल.
- जमीन हलकी, मुरमाड किंवा उताराची असेल.
- उन्हाळी भात असेल. भंडारा, गोंदिया भागात डिसेंबर-जानेवारीत पेरलेल्या भाताची उगवण आणि फुटवे थंडीने रेंगाळतात.

कोकणातल्या खारजमिनीचा विषय वेगळा आहे. क्षारांनी उगवण इतकी घटते की दाटी वाढवून संकरित वाणाचे पैसे वसूल होतील असे मला वाटत नाही. तिथे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारखे खारपट सहन करणारे सुधारित वाणच घ्यावेत.

पेरणीच्या पद्धती आणि प्रत्येकीचा दाटीशी संबंध

कोरडी पेरणी, यंत्राने ओळीत. कोकणात पावसाआधीची धूळवाफ पेरणी आणि पूर्व विदर्भात पहिल्या पावसाच्या ओलीवर केलेली पेरणी, दोन्ही यात आल्या. दोन ओळींत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. बी २ ते ३ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. कमी उगवणीचे सर्वांत मोठे कारण खोल पडलेले बी हेच असते, आणि दोष मात्र बियाण्यावर जातो. पेरणी यंत्र घेताना तिरप्या तबकडीचे घ्या. गव्हाच्या यंत्रातले खाचांचे रोलर इतके कमी बी सारखे सोडू शकत नाहीत, शिवाय भाताचा दाणा फोडतात. भाड्याने यंत्र आणणार असाल तर ही चौकशी आधीच करा.

चिखलणी करून ड्रम सीडरने. कोकणातल्या ‘रहू’ पद्धतीप्रमाणे मोड आलेले बी इथे वापरतात, फक्त ते ओळीत पडते. बी एक रात्र भिजवून, मग एक दिवस गोणपाटात दडपून ठेवा. मोड नुसता दिसू लागला की पेरा. मोड लांबले तर ते एकमेकांत अडकतात, छिद्रातून पडताना मोडतात. चिखल एक दिवस बसू द्या. शेतावर पाण्याचा नुसता ओलसर थर हवा. ड्रम दोन तृतीयांशांपेक्षा जास्त भरू नका, आणि पाव भाग उरला की पुन्हा भरा. ड्रम रिकामा होत जातो तसे बी अधिक पडू लागते. म्हणूनच शेताच्या एका टोकाला विरळ आणि दुसऱ्या टोकाला दाट असे दृश्य दिसते. साध्या वाणाचे प्रमाण संकरितला जास्त होते, तेव्हा एकाआड एक छिद्र चिकटपट्टीने किंवा रबराने बंद करा.

फेकून पेरणे (आवत्या). संकरित भातासाठी ही पद्धत मी सुचवत नाही. महाग बी उघडे पडते, पाखरे टिपतात, पावसाने वाहून एका कडेला साचते आणि ओळी नसल्याने निंदणी हातानेच करावी लागते. तरीही तीच करायची असेल तर बांधी गुंठ्यात मोजा आणि प्रत्येक गुंठ्याला ३०० ग्रॅम बी वजन करून वेगळे ठेवा. ते कोरड्या वाळूत मिसळून निम्मे उभे, निम्मे आडवे फेका. एका दमात, अंदाजाने फेकू नका.

टोकणणी. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर साच्याने २५ × २५ सेंटिमीटरवर भोके पाडून बी टाकतात. पाट धरले तर चौरस मीटरला १६ पेक्षाही कमी चुडी बसतात. इथे रोपांच्या संख्येचा वरचा हिशोब लागू होत नाही, चुडींचा होतो. प्रत्येक भोकात दोन-तीन दाणे टाका. एवढ्या कमी चुडींत एक भोक रिकामे राहिले तरी मोठी जागा वाया जाते. म्हणून आठ-दहा दिवसांत नांगे भरणे इथे अटळ आहे, त्यासाठी कडेला थोडी रोपे टाकून ठेवा. ज्यांची जमीन थोडी आहे आणि घरची माणसे हाताशी आहेत त्यांनी ही पद्धत जरूर पाहावी. बियाण्याची बचत हिच्यात सर्वांत मोठी आहे.

यंत्र जुळवल्याशिवाय शेतात उतरू नका

यंत्रमालक ‘नेहमीच्या खाचेवर’ यंत्र लावून देतो. ती खाच बहुधा शेजाऱ्याच्या साध्या वाणाची असते. अर्धा तास काढून हे करा:

१. यंत्राच्या प्रत्येक नळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधा.
२. कडक जमिनीवर ५० मीटर यंत्र चालवा.
३. ओळींतले अंतर २० सेंटिमीटर आणि हवे प्रमाण हेक्टरी २० किलो असेल, तर प्रत्येक पिशवीत २० ग्रॅम बी जमले पाहिजे. २५ किलोसाठी २५ ग्रॅम.
४. पिशव्या एकमेकींशी ताडून पाहा. एखादीत १२ आणि दुसरीत २८ ग्रॅम भरले तर सरासरी बरोबर असूनही ते यंत्र नापास समजा. नळी तुंबली आहे का, तबकडी घासली आहे का, ते पाहा.
५. शेतात पहिल्या फेरीनंतर एका ओळीची माती हलकेच उकरून एक मीटरमधले दाणे मोजा. २२ ग्रॅमचा दाणा आणि २० किलोचे प्रमाण असेल तर १८ च्या आसपास दाणे दिसले पाहिजेत. त्याच वेळी ते किती खोल पडलेत तेही बोटाने मोजा.

ओळींतले अंतर २२.५ सेंटिमीटर असेल तर मीटरला २० दाणे मोजा.

पंधरा ते वीस दिवसांनी मोजणी

लेखातला एकच भाग करणार असाल तर हा करा. ओळींत २० सेंटिमीटर अंतर असेल तर पाच मीटर ओळ म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. पाच मीटरची दोरी घ्या, बांधीत कर्णावर चालत जा आणि कमीत कमी आठ-दहा ठिकाणी दोरीइतक्या ओळीतली रोपे मोजून वहीत लिहा. फेकून पेरले असेल तर एक मीटर लांब-रुंद बांबूची चौकट करा. चौकट टाकताना चांगली जागा शोधू नका. डोळे मिटून टाका, नाहीतर आकडा तुमच्या मनासारखाच येईल.

मग असे ठरवा:

- ५० ते ८०, बहुतेक ठिकाणी सारखी: काही करू नका. तणांकडे लक्ष द्या.
- ३० ते ५०: मोडू नका. संकरित भात हे भरून काढतो. पहिला युरियाचा हप्ता वेळेवर द्या आणि तण अजिबात वाढू देऊ नका, कारण मोकळ्या जागेवर तणांचा पहिला डोळा असतो.
- २० ते ३०, पण मध्येमध्ये टक्कल: दाट जागेतली रोपे मुळांसकट काढून रिकाम्या जागी लावा. पाऊस असताना, संध्याकाळच्या वेळी, रोपे २० ते २५ दिवसांची असतानाच हे करा. नंतर लावलेले रोप मागे पडते आणि कापणीला हिरवे राहते.
- २० च्या खाली: दुबार पेरणी किंवा शेजारी उरलेल्या पऱ्ह्यांची रोवणी. ऑगस्ट उजाडेपर्यंत वाट पाहू नका.
- १०० च्या वर: ओळीतली जादा रोपे विरळणी करून काढा आणि ती रिकाम्या जागी वापरा. विरळणी शक्य नसेल तर युरियाचा मधला हप्ता आवरा आणि दर दोन मीटरवर एक फूटभर रुंद मोकळा पट्टा काढा. त्यातून हवा, ऊन आणि पुढे फवारणीला वाट मिळते.

दाटीसोबत खत, तण आणि पाणी

शिफारशीतले स्फुरद आणि पालाश पेरणीलाच द्या. युरिया पेरणीबरोबर ओतू नका. थेट पेरलेल्या भाताची मुळे पहिल्या दोन आठवड्यांत तो उचलत नाहीत, तणे उचलतात. तीन हप्ते करा: १५ ते २० दिवसांनी, भर फुटव्यांत, आणि लोंबी पोटात धरू लागते तेव्हा. तिसरा हप्ता दाणे भरण्यासाठी महत्त्वाचा असतो. मात्र पीक आधीच गर्द काळपट हिरवे दिसत असेल तर तो निम्मा करा.

‘दाट पेरले की तण कमी येते’ हे साध्या वाणाबाबत काही अंशी खरे आहे. पण तण मारण्यासाठी किलोला तीनशे रुपयांचे बी वापरणे हा तोट्याचा सौदा आहे. कोरड्या पेरणीत पेरल्यापासून दोन-तीन दिवसांत, जमिनीत ओल असताना पेंडीमिथॅलीन फवारा. तणे दोन ते चार पानांवर आली की बिसपायरीबॅक सोडियम वापरा. मोड आलेले बी पेरले असेल तर प्रेटिलाक्लोर फक्त सेफनर असलेलेच घ्या. साधे प्रेटिलाक्लोर कोवळ्या भातालाच मारते आणि तुमचा रोपांचा सगळा हिशोब एका फवारणीत मोडतो. डोस लेबलवरचाच घ्या, दुकानदाराच्या तोंडचा नको.

पाण्याबाबत पहिले दहा दिवस सर्वांत नाजूक असतात. बी पाण्याखाली बुडून राहिले तर कुजते. पेरणीआधीच बांधीच्या कडेने आणि मधून पाणी काढायला चर खोदा. कोकणातल्या जून-जुलैच्या पावसात चिखलावर बी पेरणे म्हणजे नशिबावर सोडणे आहे. तिथे धूळवाफ पेरणी करून मुसळधार पावसाआधी रोप उभे करणे अधिक सुरक्षित.

बियाणे घेताना आणि बिघडले तर तुमचे हक्क

संकरित भाताचे बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरू नका. दुसऱ्या पिढीत उंची, कालावधी, दाणा सगळे फुटते, आणि अशा पिकात दाटीचा कोणताही हिशोब बसत नाही. दरवर्षी नवीन बी घ्या आणि घेताना हे पाहा:

- विक्रेता परवानाधारक असला पाहिजे. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ नुसार त्याने तुम्हाला पावती देणे बंधनकारक आहे. पावतीवर वाण आणि लॉट क्रमांक लिहून घ्या.
- लेबलवर उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधता वाचा. मुदत उलटलेली पिशवी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.
- पिशवी तळाकडून फोडा, म्हणजे टॅग आणि शिवण शाबूत राहते. निदान पाव किलो बी त्याच पिशवीत बाजूला ठेवा. पिशवी, टॅग, पावती आणि घरच्या उगवण चाचणीचे तारखेसह फोटो कापणी होईपर्यंत जपा.

उगवण कमी आली किंवा पिकात भलतीच रोपे मोठ्या प्रमाणात दिसली, तर लगेच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. पंचनामा होण्याआधी शेत नांगरू नका, मग सिद्ध करायला काही उरत नाही. थेट पेरणीत कंपनीचा ठरलेला बचाव असतो की बी खोल पेरले, पाणी साचले. राखलेले पाव किलो बी आणि तुमच्या उगवण चाचणीची नोंद अशा वेळी कामी येते. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

नुकसानभरपाई मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. घेतलेल्या बियाण्याची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क लागत नाही.

स्वतःच्या बांधीत तीन पट्टे

कर्जतच्या संशोधन केंद्राने १९९८ मध्ये सह्याद्री हा संकरित वाण दिला आणि त्यानंतर सह्याद्री मालिकेतले आणखी वाण आले. खासगी कंपन्यांचे तर डझनावारी वाण बाजारात आहेत. प्रत्येकाची फुटवे देण्याची क्षमता वेगळी, तुमची माती वेगळी. म्हणून तुमच्या शेताचा अचूक आकडा शेवटी तुमच्याच शेतातून यायला हवा. यंदा एकाच सपाट बांधीत तीन पट्टे आखा: हेक्टरी १५, २० आणि ३० किलोचे. बाकी खत, पाणी, फवारणी अगदी सारखे ठेवा. वीस दिवसांनी तिन्हींतली रोपे मोजा. कापणीआधी प्रत्येक पट्ट्यात पाच ठिकाणी चौरस मीटरमधल्या लोंब्या मोजा. कापणी एकाच दिवशी करा, धान सारखे वाळवा आणि प्रत्येक पट्ट्याचे वजन वेगळे लिहा. त्यातून बियाण्याचा खर्च वजा करून जो पट्टा सर्वांत जास्त पैसे देईल, त्याची रोपांची संख्या पुढच्या वर्षी सूत्रात घाला.

तुमच्या भागातल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) पट्टे पाहायला बोलवा आणि तिन्ही पट्ट्यांचे आकडे गावच्या शेतकरी गटात सांगा.